फोनमागची खुर्ची

रविवार, १ सप्टेंबर

आजचा फोन पार पडला. अठरा मिनिटं. हिला सगळ्या पाट्या वाचता आल्या, फक्त 'गुडघा आता बरा आहे' ही दोनदा वाचली. मुलाच्या लक्षात आलं नाही. "छान, गुडघा फारच बरा दिसतोय," म्हणाला आणि हसला. मीही फोनच्या मागे बसून घाम पुसत हसलो.

व्यवस्था लिहून ठेवतो, कारण आता माझाही भरवसा नाही. फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा करायचा. ही भिंतीकडच्या खुर्चीत. मी टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत, फोनच्या पाठीमागे, म्हणजे कॅमेऱ्यात येत नाही. मांडीवर पांढऱ्या पुठ्ठ्यांची चळत. मुलाने प्रश्न विचारला की योग्य तो पुठ्ठा फोनच्या अगदी वर धरायचा. ही वाचते. तिकडे वाटतं, आई आपल्याकडे बघून बोलतेय.

चाळीस वर्षं लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता बायकोच्या बोलण्याच्या रंगवतो. अक्षर चार इंची, ठसठशीत, काळं. जाड भिंगाच्या चष्म्यातून हिला एका नजरेत वाचता येतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

डॉक्टरांकडे तपासणी. त्यांनी हिला आजची तारीख विचारली, तर ही म्हणाली, "तुमच्याकडे कॅलेंडर नाही का?" डॉक्टर हसले. मला बाहेर घेऊन मात्र म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, तो पुढे पुढे जाणार, मुलांना सांगा.

मान डोलावली. सांगणार नाही.

पलीकडच्या इमारतीतल्या मास्तरांनी सांगितलं होतं ना मुलांना. मास्तरांच्या बाई भांड्याखाली गॅस चालू ठेवून फिरायला गेल्या, एवढंच सांगितलं. दोन मुलं पंधरा दिवसांत हजर. कौतुक वाटलं सगळ्यांना. मास्तर थोरल्याकडे गेले आणि बाई आश्रमात. "तिथे त्यांची नीट काळजी घेतात, बाबा, तुम्हाला झेपणार नाही." मास्तर दर महिन्याला बाईंना भेटायला जायचे. तिसऱ्या महिन्यात बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही कोणाला भेटायला आलात?

आमच्या लग्नाला बावन्न वर्षं झाली. एकमेकांशी पटलं असं म्हणवत नाही, पण भांडायला दुसरं कोणी लागलंही नाही. हिला कोणी नेलं तर मी या घरात काय करायचं, भिंतींना रंग देत बसू? झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारचा फोन नीट झाला की आठवडा आपला.

रविवार, ८ सप्टेंबर

बावीस मिनिटं. आज नात मधेच आली. तिला आम्ही चिमणी म्हणतो, अकरा वर्षांची आहे आणि डोळे बारीक चाळणीसारखे. म्हणाली, "आजी, तुझ्या चष्म्यात पांढरा चौकोन आहे."

 मी पाटी झटकन खाली घेतली आणि मागून ओरडलो, "खिडकीचा उजेड आहे गं." आमची खिडकी हिच्या पाठीमागे आहे, हे मला नंतर सुचलं. पण चिरंजीवांनी पोरीला, "जा, अभ्यास कर," म्हणून आत पाठवलं. सुटलो.

त्याच्याकडचं नेटवर्क अलीकडे फार अडकतं. प्रश्न विचारतो आणि नुसता थांबतो. ना शब्द, ना हुंकार. तेवढ्यात मला पाटी शोधायला वेळ मिळतो. आपल्याला सोयीचंच आहे. इतक्या प्रगत देशात राहून नेटवर्क असलं, पण बोलायचं कोणाला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

पुठ्ठे मळले म्हणून नवे केले. हाताला कंप आहे, पण ब्रश टेकला की थांबतो. हे कसं होतं ते डॉक्टरला विचारलं पाहिजे.

काम करताना जुनं आठवलं. दुकानाच्या काचेवर अक्षरं आतून रंगवायची असत, म्हणजे पावसापाण्याने जात नाहीत. आतून रंगवायची म्हणजे उलटी. भल्याभल्या कारागिरांची तिथे भंबेरी उडायची. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना सुट्टीत माझ्याबरोबर दुकानात बसायचा आणि ती उलटी अक्षरं घडाघडा वाचून दाखवायचा. शाळेत सरळ वाचताना अडखळायचा. त्याच्या वर्गशिक्षकांनी मला बोलावून घेतलं होतं. मी म्हणालो, त्याला आरशात पुस्तक दाखवा.

हिला ही गोष्ट सांगितली. हसली. मग विचारलं, "कुठला मुलगा?"

रविवार, १५ सप्टेंबर

सव्वीस मिनिटं, एकही चूक नाही. पण खरं सांगायचं तर मला मुलाचा जरा राग आला. दर रविवारी तेच प्रश्न, त्याच क्रमाने. बरी आहेस का, गुडघा कसा आहे, जेवलीस का, बाबा कुठे आहेत, झोप लागते का. एवढा शिकला, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि आईशी बोलायला पाच प्रश्न. मी आता पाट्या शोधतही नाही, चळत त्याच क्रमाने लावून ठेवतो. 'बाबा कुठे?' आला की चौथी पाटी: 'हे इथेच, समोर बसलेत.' पाचवी झाली की मी उठून कॅमेऱ्यात डोकावतो आणि दोन वाक्यं बोलून फोन बंद करतो.

सोय होते हे खरं, पण आईला इतकं तोंडदेखलं विचारावं?

आज एक नवं संकट. चिमणीला शाळेत घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची आहे. वीस प्रश्न. लहानपणी काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, असले. २९ तारखेला, फोनवर. मी म्हणालो, "आजोबांची घे की." तर म्हणाली, "तुमची झाली ना गेल्या वर्षी. तुम्ही चाळीस मिनिटं रंगांवर बोललात."

चिरंजीव म्हणाला, "बाबा, आपण नको म्हणू तिला. काहीतरी कारण काढतो मी."

मी कशाला माघार घेऊ? नको म्हटलं तर संशय येईल. म्हटलं, "होऊन जाऊ दे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. पुन्हा नेटवर्क.

गुरुवार, १९ सप्टेंबर

वीस प्रश्न मागवून घेतले. वीस पाट्या करायच्या. सराव सुरू. 'लहानपणी तुला काय आवडायचं?' पाटी: 'वाचन.' ही वाचते, "वाचन." आणि विचारते, "कोणाचं?"

आज सकाळी अंघोळीहून येताना दाराची कड लागून हिचा अंगठा सोलला, रक्त आलं. मी विचारलं, "दुखतंय का?" ही म्हणाली, "मी बरी आहे. गुडघा आता बरा आहे."

पट्टी बांधताना माझा हात थरथरला, आणि यावेळी हातात ब्रश नव्हता. आता ही 'मी बरी आहे' म्हणते तेव्हा ते तिचं असतं की माझं, मला कळत नाही. हे मी काय करून बसलोय?

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई पट्टी बदलायला आल्या होत्या. आमची जादा किल्ली त्यांच्याकडेच असते. टेबलावरची चळत बघून सगळं ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, "काका, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

म्हटलं, "उजाडेल तेव्हा उजाडेल. कोंबडं माझं आहे."

रविवार, २२ सप्टेंबर

आज बुडता बुडता वाचलो. तीन पाट्या सुरळीत झाल्या. मग हिने पाटीवरची नजर काढली, फोनकडे वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हा माणूस कोण आहे हो? चेहरा चांगला आहे."

माझ्या हातातले पुठ्ठे खाली पडले. सगळं संपलं म्हटलं. पण देवासारखं नेटवर्क धावून आलं. मुलगा म्हणाला, "आई, आवाज तुटतोय तुझा. मला काहीच ऐकू आलं नाही." आणि लगेच चौथा प्रश्न विचारला, "बाबा कुठे आहेत?" मी पाटी धरली. ही म्हणाली, "हे इथेच, समोर बसलेत."

त्याचा आवाज बसला होता. सर्दी असावी. सांगितलं, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर.

हिला एक गोष्ट मात्र मी पक्की शिकवली आहे. फोन वाजला की हातातलं सगळं सोडून खुर्चीत येऊन बसायचं आणि हिरवं बटण दाबायचं. हे कधी चुकत नाही. बाकी जग विसरते, पण फोन वाजला की उठते.

शनिवार, २८ सप्टेंबर

उद्या मुलाखत. रात्रीपासून जीव टांगणीला लागलाय. अठरा पाट्या तयार. दोनच राहिल्यात आणि काळा रंग संपला. दुकानातला रंग पाण्यासारखा, अक्षराची कड फुटते. माझा जुना डबा मागच्या खोलीत माळ्यावर आहे. उद्या सकाळी काढतो. रोजच्या पाच पाट्या वर ठेवल्यात, त्यांच्याखाली मुलाखतीच्या.

माळ्यावर चढायला नर्सबाईंना बोलवावं असं मनात आलं, पण परत कोंबड्यावरून ऐकून घ्यायचं जिवावर आलं. स्टूल आहे. मी तर तीन मजल्यांच्या शिडीवर उभा राहून पाट्या रंगवल्या आहेत.

शनिवार, ५ ऑक्टोबर

रुग्णालयात आहे. वही मुलाने आणून दिली. वाचली नाही म्हणतो. वाचली असेल तर वाचली, आता काय लपवायचं राहिलंय?

गेल्या रविवारचं लिहितो. पावणेदहाला स्टुलावर चढलो. डबा हाताला लागला आणि स्टूल गेलं. कसा पडलो ते आठवत नाही, डावीकडे कमरेत काहीतरी मोडल्याचा आवाज मात्र मी ऐकला. हलता येईना. हाक मारायला श्वास पुरेना.

ही दारात आली. माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "पडलात का? उठा मग."

म्हटलं, "मला उठता येत नाही. खाली जा, नर्सबाईंना बोलाव." तिने ऐकलं. चेहऱ्यावर काळजी होती, अगदी जुनी, ओळखीची काळजी. पाऊल टाकलंसुद्धा.

आणि फोन वाजला.

ती वळली आणि गेली. जसं शिकवलं होतं तसं. मी जमिनीवर पडून माझ्याच शिकवणीला शिव्या घातल्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मुलाचा, "आई, बरी आहेस का?" मग काहीच नाही. फोनमागे माझी खुर्ची रिकामी, पाटी धरायला कोणी नाही. मला वाटलं, आता ही गडबडेल, रडेल. तसं झालं नाही. तिने टेबलावरची चळत उचलली असावी, आणि मी नाही म्हणून माझं काम आपणच करायला घेतलं. एकेक पाटी मुलाला धरून दाखवू लागली. कारण आता तिकडून मुलगा वाचत होता. माझ्या पाट्या, त्याच्या आवाजात.

"मी बरी आहे," तो म्हणाला. पुठ्ठा खाली पडला. "गुडघा आता बरा आहे." पुन्हा पुठ्ठा. "आम्ही दोघं वेळेवर जेवतो."

मी ओरडायचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली. पडल्या पडल्या मला कळलं की पुढची पाटी चौथी आहे, आणि ती मी फार मन लावून रंगवली होती.

तो म्हणाला, "हे इथेच, समोर..."

आणि थांबला. यावेळी नेटवर्क नव्हतं, हे मला जमिनीवर पडूनही समजलं. "आई," तो म्हणाला, "आता पुढची पाटी नको. ती खाली ठेव." मग एवढ्या मोठ्याने ओरडला की फोन फुटतो की काय, "बाबा! ऐकू येतंय का?"

मी हातातला रंगाचा डबा जमिनीवर आपटला. तीनदा. तेवढंच जमलं.

"आलं ऐकू. हलू नका."

त्याने दुसऱ्या फोनवरून नर्सबाईंना लावला. त्या रुग्णालयातून ड्यूटी संपवून घरी परतत होत्या, वीस मिनिटं लागणार होती. ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. मला मरणाची भीती वाटली नाही म्हणणं खोटं ठरेल. पण त्याहून मोठी भीती अशी की ही उठून दार उघडेल आणि रस्त्यावर जाईल, आणि मी इथे पडून दाराचा आवाज ऐकेन.

तेव्हा चिमणीचा आवाज आला. बापाने तिला फोनसमोर बसवलं असणार. आवाज कापत होता पोरीचा, पण विचारत होती. "आजी, प्रश्न पहिला. लहानपणी तुला काय आवडायचं?"

पाटी नव्हती. मी डोळे मिटले.

ही म्हणाली, "घंटा."

"कसली घंटा?"

"शाळेची. टोला द्यायचं काम माझ्याकडे होतं. एकदा मी अर्धा तास आधीच दिला. सगळी शाळा घरी गेली. मुख्याध्यापकसुद्धा गेले." आणि ही खुदकन हसली. फोनमधून पोर हसली. मी मोडक्या कमरेने जमिनीवर पडलो होतो आणि मलाही हसू आलं, आणि हसल्यावर इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं. बावन्न वर्षांत ही गोष्ट मी ऐकली नव्हती. कधी विचारलंच नव्हतं. आणि मी पाटीवर रंगवून ठेवलं होतं, 'वाचन.'

सातव्या प्रश्नाला किल्लीचा आवाज आला.

सोमवार, ७ ऑक्टोबर

मुलगा रोज सकाळी येतो, दुपारी हिला घेऊन पुन्हा येतो. कमरेत स्क्रू घातलेत. ही पलंगाशेजारी बसून माझं पांघरूण नीट करत राहते, दर दोन मिनिटांनी, पुन्हा पहिल्यापासून.

आज नर्सबाईंनी हिला जरा बाहेर फिरवायला नेलं, आम्ही दोघंच असताना मी त्याला विचारलं, "तुला कसं कळलं, मी खुर्चीत नाही ते?"

तो खाटेच्या कडेकडे बघत होता. मग म्हणाला, "पाट्या सरळ दिसल्या."

मला अर्थ लागेना.

"बाबा, आईच्या चष्म्यात तुमच्या पाट्या दिसतात. फेब्रुवारीपासून दिसतात. काचेत पडल्या की उलट्या होतात, आणि उलटं वाचायला मला तुम्हीच शिकवलंत. त्या रविवारी पहिल्यांदा सरळ वाचायला मिळाल्या. म्हणजे तुम्ही मागे नव्हतात."

 मग एकेक गोष्ट जागेवर येऊन बसायला लागली. पाच प्रश्न. तोच क्रम. 'आवाज तुटतोय तुझा.' "म्हणजे ते नेटवर्क," मी म्हणालो.

"नेटवर्क चांगलं आहे, बाबा. तुम्हाला पाटी बदलायला वेळ लागायचा. मी थांबायचो."

आठ महिने. मी इकडे त्याला फसवत होतो आणि तो तिकडे बसून मला फसू देत होता. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग. म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही इतकं जपून ठेवलं होतं. मी हात लावला असता तर तुम्ही फोन उचलणंच बंद केलं असतं." त्याचा आवाज चढला. "आणि बोललो नाही म्हणून तुम्ही स्टुलावर चढलात. रोज तेच घोळतंय माझ्या डोक्यात. चूक माझी आहे."

"स्टूल माझं होतं," मी म्हणालो.

मग जे विचारायला जीभ रेटत नव्हती ते विचारलं. "हिला नेणार का?"

त्याने वर बघितलं. चष्म्यामागे त्याचे डोळे लाल होते. "कुठे?"

"मास्तरांच्या बाईंना नेलं तिथे."

"मी तुम्हाला दोघांना वेगळं करायला आलोय असं वाटतं तुम्हाला? आठ महिने तेच वाटत होतं?"

 मान हलवली असेन. तो उठून खिडकीपाशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. सात-आठ वर्षांचा असताना रुसला की असाच उभा राहायचा. ही पांघरूण नीट करायला परत आत आली, त्याला बघून मला म्हणाली, "या माणसाला चहा विचारा हो."

रविवार, २७ ऑक्टोबर

घरी. काठी आहे. दिवसा एक बाई येतात, हिच्याबरोबर असतात, आणि माझ्याशी भांडतात. मागच्या खोलीतलं स्टूल मुलाने जाण्यापूर्वी स्वतः नेऊन नर्सबाईंच्या ताब्यात दिलं. त्यांना जन्मभराचा विषय मिळाला.

फोन आता रोज असतो, पाच-दहा मिनिटं. पाट्या बंद. माझी खुर्ची फोनमागून उचलून हिच्या शेजारी आणली. दोघंही कॅमेऱ्यात. पहिले दोन दिवस मला हात कुठे ठेवायचे कळेना.

आज हिचा दिवस बरा नव्हता. फोनकडे बघेना, पदराचं टोक पिळत बसली. मुलगा काही बोलला, तिला ते पोचलं नाही. मग तो उठून गेला आणि परत आला तो हातात पांढरा पुठ्ठा घेऊन. कॅमेऱ्यासमोर धरला. जाड पेनाने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मी तुझा मुलगा.' शब्दांमध्ये जागा फार सोडली होती आणि शेवटचं अक्षर कडेला चेपलं होतं. चाळीस वर्षं ज्याच्या बापाने पाट्या रंगवल्या त्याचं हे अक्षर. बोललो नाही.

हिने मान वर केली. चष्मा सारखा केला. आणि जशा माझ्या पाट्या वाचायची तसा, स्पष्ट, एकेक शब्द वाचला, "मी तुझा मुलगा."

मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बरोबर म्हटलं ना?"

म्हटलं, "अगदी बरोबर."

तिकडे तो पुठ्ठा खाली घेत नव्हता. त्याचा चेहरा त्यामागे होता. आम्ही दोघं थांबलो.